गीझर बिघडला, खर्च कोणाचा?

होस्टेलचं एक सुख आपल्या लक्षात येत नाही. पंखा बंद पडला की रेक्टरांच्या ऑफिसमधल्या रजिस्टरमध्ये एक ओळ लिहायची आणि मोकळं व्हायचं. पंखा आज नाही तर पुढच्या आठवड्यात फिरतो, पण आपल्या खिशातून रुपयाही जात नाही. पुढे मात्र आपल्यातले बरेच जण चौघं-पाचजण मिळून फ्लॅट घेतात किंवा नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला खोली शोधतात. आपल्या सर-मॅडमपैकीही काही जण भाड्याच्याच घरात राहतात. तिथे रजिस्टर नसतं. तिथे घरमालक असतात, डिपॉझिट असतं आणि कोणी न वाचलेलं एक अ‍ॅग्रीमेंट असतं.

आमच्या सीनियर्सच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन बंद पडलं. ते आधीपासूनच खडखडत होतं, असं चौघांचं म्हणणं. तुम्ही यायच्या आधी उत्तम चालत होतं, असं मालकांचं म्हणणं. लिहून कोणीच ठेवलेलं नव्हतं. शेवटी पैसे डिपॉझिटमधून कापले गेले. त्यानंतर मी हा विषय जरा नीट वाचला. कायद्यातलं मराठी माझ्यासारख्या कॉन्व्हेंटच्या मुलीला जड जातं, म्हणून जे समजलं ते आपल्या रोजच्या भाषेत मांडते.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याचं कलम १४ सांगतं की वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी, दुरुस्त ठेवणं हे मालकाचं काम. मालकाने टाळाटाळ केली तर भाडेकरूने कमीत कमी १५ दिवसांची नोटीस द्यायची. तरीही काही झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त करता येत नाही. म्हणजे महिना ८,००० रुपये भाडं असेल तर वर्षाचे ९६,००० आणि वजावटीची मर्यादा २४,०००. हिशोब आणि पावत्या मात्र जपून ठेवायला हव्यात.

हे वाचून मला फार आनंद झाला, पण तो लगेच ओसरला. कारण कलम १४ 'भाडेकरू'साठी आहे आणि आपण बहुतेक वेळा भाडेकरू नसतोच! आपण करतो ते ११ महिन्यांचं 'लीव्ह अँड लायसन्स'. त्यात आपल्याला जागा वापरायची फक्त परवानगी मिळते. ही कल्पना १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्टमधली. म्हणून कलम १४ वर विसंबून परस्पर भाडं कापणं आपल्यासाठी धोक्याचं आहे. शिवाय 'जागा' या शब्दात इमारतीला पक्क्या बसवलेल्या फिटिंग्ज येतात. भिंतीवरच्या गीझरबद्दल तसं म्हणता येईल, पण ढकलून नेता येणाऱ्या फ्रिजबद्दल म्हणणं अवघड आहे.

मग आपल्या हातात काय उरतं? कागद! याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लेखी लायसन्स करारात जे लिहिलंय तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानला जातो. कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. थोडक्यात, फ्रिज-गीझरचा प्रश्न कोर्टात नाही, सही करताना सुटतो.

आणखी एक. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना मंजूर केला. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण त्यातली कामांची वाटणी बघण्यासारखी आहे. वायरिंग आणि पाइप बदलणं मालकाकडे. नळ, स्विच, सॉकेट आणि चक्क गीझरची दुरुस्ती राहणाऱ्याकडे! तेव्हा "गीझर म्हणजे मालकाचाच" असं गृहीत धरू नका.

बाथटब कर्व्ह इथेही!

रिलायबिलिटी शिकताना आपण बाथटब कर्व्ह काढतो. सुरुवातीला बिघाड जास्त, मग बरीच वर्षं कमी आणि शेवटी झीज होऊन पुन्हा जास्त. भांडण सोडवायला हा कर्व्ह मला फार उपयोगी वाटतो. नवीन वस्तू बिघडली तर वॉरंटी बघा, बिल मालकांकडून मागून घ्या. जुनी वस्तू झिजून बिघडली तर ती आपण असतो-नसतो तरी बिघडलीच असती, म्हणून खर्च मालकाचा असावा. आणि वापर चुकल्यामुळे बिघडली तर खर्च आपला. काही उदाहरणं:

१. पंखा हळू फिरतो – बहुतेक वेळा कॅपॅसिटर गेलेला असतो. झीजच ती, पण किरकोळ खर्च आहे. त्यासाठी मालकांशी वाद घालू नका.

२. गीझर – बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षार जमून ती जळणं ही झीज. टाकीत पाणी नसताना गीझर चालू ठेवून कॉइल जाळली तर दोष आपला.

३. फ्रिज – दाराचं रबर सैल होणं ही झीज. सुरीने बर्फ खरवडताना फ्रीझरला भोक पडून गॅस गेला तर आपला दोष.

४. वॉशिंग मशीन – बेल्ट ढिला होणं ही झीज. चौघांच्या जीन्स एकदम कोंबल्या तर आपला दोष.

५. वॉटर प्युरिफायर – फिल्टर ठरावीक काळाने बदलावाच लागतो. तो कोणी बदलायचा हे आधीच ठरवा.

जिथे वाद घालत बसायचं नाही

काही बिघाड पैशाचे नसतात, जिवाचे असतात. गीझरला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नीट नाही. मेन स्विच बंद करा, आंघोळ गार पाण्याने करा आणि त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवा. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का तेही बघून घ्या. बंद बाथरूममधला गॅस गीझर तर वापरूच नका. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. ईझमेंट्स अ‍ॅक्टचं कलम ५७ सांगतं की जागेतला धोकादायक दोष मालकाला माहीत असेल आणि आपल्याला नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. म्हणून घर बघतानाच सरळ विचारा, "काका, अर्थिंग आहे ना? शेवटचं कधी तपासलं होतं?" विचारण्यात लाज कसली?

सही करण्याआधी

• घरातल्या प्रत्येक उपकरणाची यादी करा. कंपनी, साधारण वय, आजची स्थिती लिहा. यादी कराराला जोडा, दोघांच्या सह्या घ्या.

• सगळं चालवून बघा आणि तारखेसकट फोटो काढा.

• एक अट लिहून घ्या. ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती आपली, त्यावरची झिजेची दुरुस्ती मालकांची, वापरातल्या चुकीची आपली.

• बिघाड झाला की फोनवर बोलून थांबू नका, मेसेज किंवा पत्र पाठवा. मिस्त्रीकडून कारण लिहिलेली पावती घ्या.

आणि डिपॉझिटमधून पैसे कापायची वेळ आलीच, तर आपलं स्ट्रेट लाइन डेप्रिसिएशन वापरा. समजा फ्रिज १६,००० चा, आयुष्य १० वर्षं, भंगाराची किंमत शून्य. दर वर्षी तो १,६०० ने उतरतो. सात वर्षांनी उरतात ४,८००. तो आपल्या चुकीने कायमचा गेला तरी भरपाई ४,८०० ची होते, नव्या फ्रिजची नाही. हा काही कायद्याचा नियम नाही, पण शांतपणे कागदावर मांडला तर समजूतदार माणसाला पटण्यासारखा आहे.

घरमालक म्हणजे शत्रू नव्हेत. कित्येक आजी-आजोबांचं घर त्या भाड्यावरच चालतं, आणि मुलांनी घराची काय अवस्था केली हे त्यांनीही पाहिलेलं असतं. यादी लिहिलेली असली की त्यांनाही धीर येतो आणि आपल्यालाही. चार वर्षं आपण मशीन कसं चालतं ते शिकतो. ते बंद पडल्यावर पैसे कोणी द्यायचे, हेही थोडं शिकून मगच होस्टेल सोडूया!