उबुंटू आणि पगाराचे काम

नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही कान्ट आणि मिल शिकतो. एकाच्या विवेचनात विवेकशील व्यक्ती केंद्रस्थानी, तर दुसऱ्याच्या विवेचनात सुखाची बेरीज. आफ्रिकेतील नीतिविचाराचे नाव मात्र अभ्यासक्रमात मला कोठे आढळले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

झुलू भाषेत ‘उबुंटू’ म्हणजे माणूसपण. माणूस इतर माणसांमुळे माणूस होतो, अशा अर्थाची म्हण तेथे प्रसिद्ध आहे. माणूसपण जन्मतः पुरे मिळत नाही, ते वागण्यातून कमवावे लागते, असा तिचा रोख. दक्षिण आफ्रिकेत अध्यापन करणारे थॅडिअस मेट्झ यांनी २००७ साली या विचाराची नीट मांडणी केली. तीत दोन धागे आहेत : ‘आपण’ म्हणून एकत्र जगणे आणि एकमेकांच्या भल्यासाठी झटणे.

त्स्वाना लोकांच्या ‘लेट्सेमा’ प्रथेत हे दोन्ही धागे दिसतात. गावकरी मिळून एकाचे शेत नांगरून देतात. आपल्याकडची इर्जिकच म्हणा ना! पण जेथे मालक नफ्यासाठी माणसे कामाला लावतो, तेथे काय?

१९९० नंतर तेथील व्यवस्थापनशास्त्राने हा शब्द उचलला. लव्हमोर म्बिगी यांचे उबुंटूवरील पुस्तक १९९५ चे. कंपनी म्हणजे एक कुटुंब, ही भाषा रूढ झाली. मला ती अर्धवट वाटते. कुटुंबात ताटातले वाटून घेतात. येथे कामगाराकडून निष्ठा मागायची आणि हिशेबाची वही मिटून ठेवायची!

मारिकाना येथील प्लॅटिनमच्या खाणीत २०१२ च्या ऑगस्टमध्ये खडक फोडणाऱ्या कामगारांनी संप केला. मागणी होती दरमहा १२,५०० रँडची. अनेकजण दूरच्या ईस्टर्न केप प्रांतातले; मजुरीवर मागे एक घर उभे. त्यांच्या कामाला अर्थ होता, पण तो खाणीत नव्हता, गावच्या चुलीपाशी होता. १६ ऑगस्टला पोलिसांच्या गोळीबारात ३४ कामगार ठार झाले.

माझ्या मते नफा हा मूळ दोष नव्हे. नफ्याची वाटणी ठरवताना कामगार ‘आपण’मध्ये धरला जातो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

‘आपण’ या शब्दाला दुसरी बाजूही आहे. गोळीबाराच्या आधीच्या आठवड्यात त्याच संपात दहा माणसे मारली गेली होती. त्यांत पोलीस आणि खाणीचे पहारेकरी होते, तसेच कामगारही होते. मेट्झ यांच्या मांडणीत जबरदस्तीने आणलेली एकी ही एकी ठरतच नाही. मग ती मालकाने आणलेली असो वा सोबत्यांनी.