धागा कोणाचा?

खोपट हा ठाणे शहराचा एक भाग. याच शहरात ‘वूल रिसर्च असोसिएशन’ ही लोकरीवर संशोधन करणारी संस्था आहे. लोकर कोणत्या प्राण्याची, हे का तपासावे लागते?

उर्दूत ‘पश्म’ म्हणजे लोकर. लडाखमधील बकरीचे केस विंचरून पश्मिना मिळते. बकरी जिवंत राहते. शाहतूशसाठी मात्र चिरू या हरणासारख्या रानटी प्राण्याला मारतात. म्हणून भारतात शाहतूशच्या व्यापारावर बंदी आहे. पण दोन्ही शाली मऊ! नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही.

केसातील डीएनए प्राण्याची ओळख सांगतो. रंग व रसायनांनी तो तुटला, तर सूक्ष्मदर्शकातून केसावरील खवले पाहतात.

शब्दार्थ : सूक्ष्मदर्शक – खुर्दबीन

स्वाध्याय : शाहतूशवर बंदी का आहे?