‘बाळ कुठे गेलं, आई?’

आठ वर्षांची मुलगी. पंधरा दिवस पोट दुखतंय म्हणून आईने दाखवायला आणलेली. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पोट मऊ, लघवीची तपासणी ठीक, सोनोग्राफी ठीक. “जेवते का?” विचारलं तर आई म्हणाली, “अर्धीच भाकरी खाते हो मॅडम. उरलेली झाकून ठेवते.” आईला जरा बाहेर बसवलं. मुलगी बराच वेळ फ्रॉकचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “मी जास्त खाल्लं तर मलापण देऊन टाकतील.”

महिन्यापूर्वी तिच्या आईने नवजात बाळ दत्तक देण्यासाठी सोपवलं होतं. गरोदरपणातच नवरा गेला, पदरात दोन मुलं, चार घरची धुणीभांडी. निर्णय रडत घेतलेला, पण पूर्ण विचार करून. मुलांना मात्र “बाळ देवाघरी गेलं” असं सांगितलं होतं. खरं काय ते मुलीने मावशीच्या फोनवरच्या बोलण्यातून ऐकलं.

थोरल्या मुलांनी आईचं वाढतं पोट पाहिलेलं असतं, त्याला हात लावून लाथ अनुभवलेली असते. आपण गप्प बसलो की ती आपल्या मनाने उत्तर रचतात, आणि ते बहुधा खऱ्यापेक्षा भयंकर असतं. म्हणून निर्णय पक्का झाला असेल तर बाळंतपणाआधीच सांगा. सांगणारी व्यक्ती शक्यतो आईच असावी. धीर होत नसेल तर समुपदेशकाला शेजारी बसवा.

सगळ्यात आधी मूल जे विचारत नाही त्याचं उत्तर द्या: “तू आणि दादा माझ्याजवळच राहणार. तुम्हाला मी कुणालाही देणार नाही.” मग कारण. “पैसे नाहीत” हे खरं असलं तरी तेवढ्यावर थांबू नका. मूल लगेच स्वतःच्या वहीचा नि चपलेचा हिशेब मांडतं. असं सांगा: “तान्ह्या बाळाजवळ दिवसभर कुणीतरी लागतं. मी कामाला जाते, घरात दुसरं मोठं माणूस नाही. त्याला नीट सांभाळणारे आई-बाबा मिळावेत म्हणून मी त्याला देते आहे.”

पाच-सहा वर्षांच्या मुलाला वाटतं, आपण मनात आणलं तसं घडलं. ‘मला भाऊ नको’ असं ते कधीतरी रागाने बोललेलं असतं. त्याला स्पष्ट सांगा, “तू बोललास म्हणून हे झालं नाही. हे मोठ्यांनी ठरवलं.” नऊ-दहा वर्षांची मुलं व्यवहार विचारतात: ते कुठे झोपेल, दूध कोण पाजेल? माहीत असेल ते सांगा. किशोरवयीन मुलगी चिडेल, “मी शाळा सोडून सांभाळते” असंही म्हणेल. तिचं ऐकून घ्या, पण निर्णयाचं ओझं तिच्या खांद्यावर टाकू नका.

एक गोष्ट घरोघरी लपवली जाते. बाळ जवळ नसलं तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईला पान्हा येतो, ब्लाउज ओला होतो, छाती ठणकते. मुलं ते पाहतात. “शरीराला अजून कळलं नाही, म्हणून दूध येतंय. काही दिवसांत थांबेल,” एवढं पुरे. छाती करकचून बांधू नका. थंड पट्ट्या ठेवा आणि औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या. मुलांसमोर रडू आलं तर तेही चालेल.

कायद्याची बाजू मुलांना सोपी करून सांगता येते. बाळ बाल कल्याण समितीसमोर सोपवावं लागतं. दवाखान्यातल्या ओळखीवर किंवा दलालामार्फत परस्पर देणं बेकायदेशीर आहे. सोपवल्यानंतर आई-वडिलांना फेरविचारासाठी 60 दिवस मिळतात. या दिवसांत “येईल हं परत” अशी आशा मुलांना लावू नका. “आपण त्याला भेटायला जाऊ” असंही वचन नको. दत्तक गेलेल्या मुलाला मोठेपणी आपल्या मुळांचा शोध घेता येतो, पण भेट होईलच असं नाही.

बाळ नात्यातच, जावेच्या किंवा नणंदेच्या ओटीत घातलं असेल, तर ते सणावारी समोर येणारच. तिथेही खरंच सांगा, आणि कागदपत्रं रीतसर करा. शेजारपाजारी काय बोलायचं, याचं एक वाक्य मुलांना शिकवून ठेवा: “ती आमच्या घरची गोष्ट आहे, आईला विचारा.”

मूल अंथरूण ओलं करू लागलं, खाणं कमी झालं, शाळेला जाईना, आणि दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आईची उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर तिनेही थांबू नये. टेली-मानसचा 14416 आणि मुलांसाठीचा 1098, दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

त्या मुलीच्या आईने माझ्यासमोरच तिला खरं सांगितलं. मुलीने पहिलं विचारलं, “त्याला दूध कोण पाजतं?” आई म्हणाली, “तिथल्या ताई. बाटलीने.” दोन महिन्यांनी आई एकटीच आली. “मॅडम, परवा पुन्हा तेच विचारलं तिने.”

“मग काय सांगितलंत?”

“तेच.”