दारातला पामेरियन : ओळख आणि संगोपन

आमच्या शिरोळ तालुक्यात श्वानाला देवाच्या पायाशी जागा आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडी हे दत्तक्षेत्र. दत्तगुरूंच्या तसबिरीत पायाशी चार श्वान असतात आणि ते चार वेद होत, अशी श्रद्धा आहे. परंतु मान देणे निराळे व समजून घेणे निराळे. हा फरक मला आमच्या मोतीने शिकविला.

मोतीला गल्लीत सगळे ‘पामेलियन’ म्हणतात. खरा पामेरियन हा बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनिया प्रांताच्या नावाचा, जेमतेम दोन-तीन किलोंचा कुत्रा. व्हिक्टोरिया राणीने 1888 साली फ्लॉरेन्सहून असा एक कुत्रा आणला आणि लहान चणीच्या पामेरियनची आवड वाढली. आपल्याकडे त्या नावाने ओळखला जाणारा पांढराशुभ्र कुत्रा बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. इंग्रजांनी आणलेल्या जर्मन स्पिट्झचा हा वंशज. त्यातला लहान प्रकार साधारण पाच ते सात किलोंचा. 1994 च्या ‘हम आपके हैं कौन’मधील टफी याच जातीचा.

हा कुत्रा मुळात राखणीचा. म्हणून तो भुंकतो. त्यात त्याचा दोष नाही. दार वाजले की वर्दी देणे हे त्याचे पिढीजात काम आहे. भुंकल्यावर मारण्यापेक्षा, गप्प बसल्यावर शाबासकी देणे अधिक उपयोगी पडते.

माझी पहिली चूक उन्हाळ्यातली. मोतीला उकडत असेल या दयेपोटी मी कात्रीने त्याचे केस कातडीपर्यंत कापले. याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ, दाट. वरचा लांब, राठ. वरचा थर उन्हापासून कातडीचे रक्षण करतो. तो गेल्यावर मोतीची पाठ भाजली आणि केस पुढे विरळच उगवले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच शरीर थंड ठेवतो. तेव्हा केस कापण्याऐवजी नित्य विंचरावेत, गोचीड पाहावेत, दुपारी गार फरशीवर ठेवावे, पाणी भरपूर द्यावे आणि फिरवणे पहाटे किंवा सांजेला करावे. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा बरा; लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते.

दुसरी चूक लाडाची. वाडीचे पेढे आम्ही खाल्ले की मोतीलाही मिळत. कुत्र्याला बेचाळीस दात असतात आणि लहान जातींच्या इवल्याशा जबड्यात ते दाटीने बसतात. कीटण लवकर चढते, हिरड्या सुजतात. मोतीचे चार दात काढावे लागले. कांदा घातलेले पिठलेही देऊ नये, कारण कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. चॉकलेट आणि मनुका तर विषच.

लसीबाबत आळस नको. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर, नंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी. कोणताही कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. जखमेत तिखट किंवा चुना भरू नये.

तिसरी चूक मात्र अजून बोचते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आम्ही म्हशी सोडवून बाहेर काढल्या. मोतीला माळ्यावर चार भाकऱ्या आणि घागरभर पाणी ठेवून आलो. वाटले, दोन दिवसांत परतू. परतायला आठ दिवस लागले. मोती जिवंत होता, पण मला पाहून भुंकला नाही. नुसता पाहत राहिला. ज्याची वर्दी आम्ही वर्षानुवर्षे ऐकली, त्याच्या जिवाची वर्दी मात्र आमच्यापैकी कोणी घेतली नव्हती.

नदीकाठच्या माणसाने म्हणून एक पिशवी तयार ठेवावी : साखळी, लसीचे कार्ड, चार दिवसांचे खाणे. पुराच्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. त्याची लस कुत्र्याला द्यावी आणि ते पाणी त्याला पिऊ देऊ नये.

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा चढले. या वेळी घराबाहेर पडताना मोती माझ्या काखेत होता आणि पाण्याकडे पाहून सारखा भुंकत होता. त्याला गप्प करावे, असे घरात कोणालाच वाटले नाही.