पाणी गिळणारा पर्वत

गेल्या वर्षीं आठवीच्या वर्गांत चुन्याच्या निवळीचा प्रयोग चालला होता. निवळींत कांचेच्या नळीनें फुंकर घातली, आणि नेहमींप्रमाणें ती दुधासारखी पांढरी झाली. आपल्या पुस्तकांतील प्रयोग येथेंच संपतो. परंतु एक विद्यार्थी गंमत म्हणून फुंकतच राहिला, आणि थोड्या वेळानें पाहतों तों पेल्यांतील पांढरेपणा हळूहळू नाहींसा होऊन पाणी पुन्हां स्वच्छ झालें! "सर, चुना गेला कोठें?" असें त्यानें विचारलें. त्या दिवशीं मीं दिलेलें उत्तर शास्त्रदृष्ट्या बरोबर होतें; पण त्यानें मुलाचें समाधान झालें नाहीं, हें त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतें. म्हणून तेंच उत्तर आज मी जरा लांबच्या वाटेनें, स्पेन देशांतील एका पर्वताला वळसा घालून देतों.

आपल्या उच्छ्वासांतील कर्बाम्लवायु निवळींत शिरतांच तींतील चुन्याशीं त्याचा संयोग होतो, आणि पाण्यांत न विरघळणारा, खडूच्याच जातीचा एक पदार्थ बनतो. तोच तो पांढरा गढूळपणा. परंतु वायूचा पुरवठा चालूच राहिला म्हणजे पाणी किंचित् आम्लधर्मी होतें, आणि असलें पाणी त्या पदार्थास पुन्हां विरघळवून टाकतें. चुनखडक म्हणजे मुख्यतः हाच पदार्थ. पावसाचें पाणी हवेंतून येतांना, व त्याहूनही अधिक मातींतून झिरपतांना, हाच वायु शोषून घेतें. मग खडकाच्या फटींत उतरून त्याला कणाकणानें झिजवीत जातें. पेल्यांत जें कांहीं मिनिटांत घडलें, तेंच पर्वतांत लक्षावधि वर्षें अव्याहत चाललेलें असतें.

स्पेनच्या उत्तर किनाऱ्याजवळ 'पिकोस दे एउरोपा', म्हणजे 'युरोपचीं शिखरें', या नांवाचा पर्वत आहे. अमेरिकेहून परतणाऱ्या खलाशांस मायभूमीची पहिली खूण म्हणून हीं शिखरें दिसत, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. समुद्रापासून तो अवघ्या सुमारें २० किलोमीटरांवर असून त्याचें सर्वांत उंच शिखर तोर्रे दे सेर्रेदो सुमारें २६५० मीटर उंच आहे. त्याचा बहुतेक भाग चुनखडकाचा. हा खडक तीस कोटी वर्षांहूनही अधिक काळापूर्वीं उथळ उष्ण समुद्राच्या तळाशीं, चुनखडीच्या गाळाचे व प्राण्यांच्या कवचांचे थर सांचून बनला. येथील पश्चिमेचा भाग १९१८ सालीं राष्ट्रीय उद्यान झाला. स्पेनमधील तें पहिलेंच. १९९५ सालीं त्याची मर्यादा वाढवून सर्व पर्वत त्यांत घेण्यांत आला.

या पर्वताच्या मध्यभागास वळसा घालून, निघाल्या ठिकाणींच परत आणणारी एक पायवाट आहे. धडधाकट माणसानें तिला चार दिवस द्यावे. ती पोन्सेबोस येथें, कारेस नदीच्या कांठीं सुरू होते आणि प्रथम बुल्नेस या खेड्यास चढते. २००१ सालीं डोंगराच्या पोटांतून रज्जुमार्गाची गाडी सुरू झाली. तोंपर्यंत या खेड्यास पायवाटेवांचून दुसरा मार्ग नव्हता. या काब्रालेस भागांतील शेतकरी आपलें चीज डोंगरांतील नैसर्गिक गुहांत मुरत ठेवतात. तेथील थंड, दमट हवेंत त्यावर निळी-हिरवी बुरशी चढते, आणि तीच त्याची चव. ज्या पाण्यानें डोंगर पोखरला त्यानेंच गवळ्यांस ही कोठारें फुकट बांधून दिलीं.

बुल्नेसहून वाट उभी चढत उर्रिएल्यू शिखराच्या पायथ्याशीं, १९५३ मीटर उंचीवरील विश्रामगृहास पोहोंचते. नदीपासून येथवर सुमारें १७०० मीटरांची चढण होते. उर्रिएल्यू, ज्यास नारांखो दे बुल्नेस असेंही म्हणतात, तें २५१९ मीटर उंचीचें एकसंध सुळक्यासारखें शिखर आहे. १९०४ सालीं पेद्रो पिदाल नांवाचा सरदार आणि ग्रेगोरियो पेरेस नांवाचा काईन गांवचा डोंगरी गडी, असे दोघे मिळून त्यावर प्रथम चढले. (बायबलांतील काइनाचें नांवही स्पॅनिश भाषेंत असेंच लिहितात, परंतु त्या भल्या गांवकऱ्यांचा त्याच्याशीं संबंध जोडूं नये!) पुढें राष्ट्रीय उद्यान व्हावें म्हणून खटपट करणारा तो हाच पिदाल.

विश्रामगृह सोडलें कीं खरी परीक्षा सुरू होते. सभोंवार करड्या-पांढऱ्या खडकाचें ओसाड राज्य, आणि त्यांत मोठमोठे खळगे. तेथील लोक त्यांस 'होउ' म्हणतात. आपल्याकडे एवढा खळगा असता तर त्यांत तळें झालें असतें. येथें पाऊस भरपूर पडतो, हिवाळ्यांत बर्फाचे थर सांचतात, तरी खळग्याचा तळ कोरडा! सारें पाणी फटींवाटे खालीं निघून जातें. जमिनीखालीं तें किती खोल जातें म्हणाल, तर याच पर्वतांतील तोर्का देल सेर्रो या विवराची मोजलेली खोली १५८९ मीटर आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसाचा. तो असा विरघळून पोकळ होत नाहीं, म्हणून आपल्या कित्येक किल्ल्यांवर खोदलेल्या टाक्यांत भर उन्हाळ्यांतही पाणी सांपडतें. त्या भरंवशावर वाढलेला आपला एखादा गिर्यारोहक तेथें गेला, तर डोंगरमाथ्यावर पाणी असणारच असें धरून चालेल, आणि दुपारपर्यंत त्याची जीभ टाळूस चिकटेल. विश्रामगृहाजवळच्या झऱ्यावर निदान तीन लिटर पाणी भरून घेतल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये. मुलें ओझ्याचा कंटाळा करून सामान कमी करूं लागलीं म्हणजे प्रथम पाणीच काढतात, हा माझा सहलींतील अनुभव आहे.

तहानेहून मोठें संकट धुक्याचें. समुद्र जवळ असल्यामुळें भर उन्हाळ्यांतही ढग दऱ्यांतून वर चढतात, आणि अर्ध्या तासांत हातभर अंतरावरचें दिसेनासें होतें. वाट चुकल्यास ओहोळ धरून खालीं उतरावें, म्हणजे गांव लागतें, असें वडील माणसें सांगतात. (आपल्याकडेही मध्येंच कडा लागला तर हा उपदेश फसतो, तें असो.) पण चुनखडकाच्या या प्रदेशांत ओहोळच नाहीं. उतार धरून निघालेला मनुष्य एखाद्या होउच्या तळाशीं जाऊन थांबतो, आणि तेथून कोणत्याही दिशेस चढच असतो. म्हणून जाणते लोक दगडांच्या रचलेल्या खुणा एकामागून एक नजरेंत ठेवतात, होकायंत्र व नकाशा जवळ बाळगतात, आणि पुढची खूण दिसत नसेल तर मागच्या खुणेशींच बसून राहतात. बसून राहणें हें चालण्याहून कठीण, विशेषतः तरुणांस.

पुढें ओर्कादोस रोखोसची खिंड लागते. येथें खडकांत पोलादी दोर ठोकलेला असून त्यास धरून चढावें लागतें. पलीकडे काबान्या वेरोनिका नांवाचें चिमुकलें आश्रयस्थान आहे. मोडींत निघालेल्या 'पलाऊ' नांवाच्या अमेरिकन विमानवाहू जहाजावरील तोफेचा घुमट १९६१ सालीं येथें आणून तें उभारलें. युद्धाचें साधन वाटसरूंचें छप्पर झालें. तेथून कोल्यादो खेर्मोसोच्या विश्रामगृहावरून वाट एकसारखी उतरत कोर्दिन्यानेस व काईन या गांवांकडे जाते. गुडघ्यांची खरी कसोटी या उतारावर लागते.

आणि मग कारेसची घळ. काईनपासून पोन्सेबोसपर्यंत सुमारें १२ किलोमीटर, दोन्ही बाजूंस आकाशास टेकलेले कडे. विजेच्या कारखान्यासाठीं नदीचें पाणी नेणारा कालवा येथें खडक फोडून काढला. तो १९२१ सालीं पुरा झाला. त्याच्या देखरेखीसाठीं कोरलेली वाट हीच आतां प्रवाशांची वाट. माथ्यावर तीन दिवस ज्या पाण्यासाठीं जीव कासावीस झाला, तें येथें कड्यांच्या पोटांतून झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडून नदीस मिळतांना दिसतें. तें इतकें नितळ असतें कीं तळाचा खडा न् खडा मोजावा. माझ्या त्या विद्यार्थ्याचा चुना या पाण्यांत आहे. पेल्यांतल्याप्रमाणेंच दिसत मात्र नाहीं. असें पाणी पातेल्यांत घेऊन खळखळ उकळावें. त्यांतील वायु उडून जाईल आणि भांड्याच्या तळाशीं पांढरें पुट धरेल.