भट्टीतून फुगून आलेली जाळी

पुण्यातल्या आमच्या घरात दिवाणखाना आणि जेवणाची जागा यांच्यामध्ये आडोसा म्हणून लेझरने कापलेली जाळी बसवायची होती. आठ फूट उंच, एक मिलिमीटर जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, त्यात पिंपळपानांची नक्षी. भोवती चौकोनी पाइपची चौकट, आणि पत्रा तिला जागोजागी वेल्ड केलेला. पावडर कोटिंग होऊन माल आला तेव्हा काळा रंग देखणा बसला होता. पत्रा मात्र मधोमध बोटभर फुगला होता. दाबला की टक् आवाज करून पलीकडे जायचा.

मी आधी कोटिंगवाल्याला बोल लावला. चूक त्याची नव्हती, हे पुढे कळलं.

पावडर कोटिंगचा रंग ओला नसतो. गनमधून निघालेली विद्युतभारित पावडर अर्थिंग दिलेल्या धातूला चिकटते, मग भट्टीत वितळून कडक होते. त्यासाठी धातूचं तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसवर दहा-पंधरा मिनिटं टिकावं लागतं. तिथवर तापताना आठ फुटी पोलादी पत्रा लांबीत जवळजवळ साडेचार मिलिमीटर वाढतो. ॲल्युमिनियम तर त्याच्या दुप्पट. सगळं एकाच वेगाने तापलं आणि निवलं तर बिघडत नाही. पण पातळ पत्रा भराभर तापतो, चौकट मागे राहते. पत्र्याला वाढायचं असतं आणि वेल्डने चारही बाजूंनी धरून ठेवलेलं असतं. मग त्याला एकच वाट उरते, पोट काढायची. त्यात वेल्डिंगने आधीच आलेला ताण असतो, म्हणून निवल्यावरही तो पूर्ण सरळ होत नाही.

ती जाळी आम्ही काढून ठेवली. दुसऱ्या वेळी पत्रा आणि चौकट वेगवेगळे कोट केले आणि नंतर स्क्रूने जोडले. पत्र्यातली भोकं गोल न ठेवता लांबट ठेवली आणि स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर घातले, म्हणजे कसताना कोटिंग चेचलं जात नाही. ही भोकं कोटिंगच्या आधीच पाडायची. नंतर पाडली तर कडा उघड्या राहतात. पत्राही दीड मिलिमीटरचा घेतला. वजन वाढलं, पण ताठपणा आला.

भट्टीत आपला पत्रा कुणाच्या शेजारी टांगला जातो, हेही विचारावं. जाड लोखंडी मालासोबत एकाच फेरीत गेला तर जाड माल तापेपर्यंत पातळ पत्रा गरजेपेक्षा जास्त वेळ भाजला जातो. फिक्या रंगाला त्याने पिवळट झाक येऊ शकते. पितळी फुलं कथिलाने डकवून मग कोटिंगला देण्याचा विचार असेल, तर तो सोडलेलाच बरा. नेहमीचं सोल्डर याच तापमानाच्या आसपास वितळतं.

पहिल्या जाळीचा दुसरा दोष पावसाळ्यात दिसला. पानांच्या कडांवरून काळी पापुद्री सुटू लागली आणि खाली गंज. ऑक्सिजन वापरून लेझरने कापलेल्या पोलादाच्या कडेवर ऑक्साइडचा पातळ थर राहतो. पावडर त्या थराला धरते, आणि थर सुटला की रंगासकट निघून येतो. नायट्रोजनने कापून घ्यावं, नाहीतर कडा घासून घ्याव्यात. घासताना धारही मोडली जाते आणि ते दुहेरी फायद्याचं आहे, कारण तीक्ष्ण धारेवर वितळलेली पावडर टिकत नाही, मागे सरकते.

नक्षी ठरवतानाही थोडं आवरावं लागतं. अरुंद कोपऱ्यांत आणि खाचांत पावडर शिरत नाही. विद्युतक्षेत्र तिला जवळच्या कडांकडे ओढून घेतं. आम्ही पानांच्या शिरा रुंद केल्या, देठाजवळचे कोन गोलसर केले.

आणि कापताना उरलेला एक तुकडा मूळ मालासोबतच कोट करून मागितला. त्यावर ब्लेडने उभ्याआडव्या रेघा मारून चिकटपट्टी लावली आणि झटक्यात ओढली. चौकोनांतला रंग जागेवर राहिला, तेव्हाच टेम्पो बोलावला.