अभंगवाणी : पंडित भीमसेन जोशींचा आवाज आणि आपला वर्ग



पहाटे देवळाच्या भोंग्यावर अभंग लागला की चुलीपुढची आजीसुद्धा आवाज ओळखते, "भीमसेन हाय." तिला राग ठाऊक नसतो, घराणं ठाऊक नसतं, पण आवाज ठाऊक असतो. हे कसं घडलं, आणि वर्गात त्याचा काय उपयोग, ते आज पाहू.

आधी थोडी ओळख

पंडितजींचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ चा, कर्नाटकातल्या गदग भागातला. गाणं शिकायचं म्हणून लहानपणीच घर सोडलं. कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे ते किराणा घराण्याची गायकी शिकले. गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात महोत्सव सुरू झाला. २००८ मध्ये भारतरत्न जाहीर झालं. २४ जानेवारी २०११ रोजी पुण्यात ते गेले.

मैफिलीत ख्याल गाणारा हा गायक घराघरांत पोचला तो अभंगांमुळे. राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्या चालींवर त्यांनी नामदेव, एकनाथ, तुकोबा गायले. आवाज केवढा मोठा, तरी शब्द हरवत नाही. 'विठ्ठल' हा एकच शब्द परत परत येतो आणि दर वेळी वेगळा लागतो.

लोकांना तो आपला का वाटतो?

वडगाव रासाईच्या बाजूने वाहणारी आपली भीमा बघा. देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरला तिला मिळते. तेच पाणी आपल्याकडून उजनीत आणि पुढे पंढरपूरला जातं. तिथं तिला चंद्रभागा म्हणतात. तुकोबांची पालखी नदीपलीकडून, दौंड तालुक्यातल्या यवत-वरवंडवरून जाते. गुडघे दुखतात म्हणून जिला आता वारीला जाता येत नाही, तिची वारी या आवाजातून होते. रात्री उसाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला तीच सोबत असते.

मुलांना हे नक्की सांगा

पंडितजींची मातृभाषा मराठी नव्हती, कन्नड होती! आपल्या वर्गात ऊसतोड कामगारांची, वीटभट्टीवरची मुलं असतात. घरी कुणी गोरमाटी बोलतं, कुणी हिंदी. उच्चाराला कुणी हसेल म्हणून ती गप्प बसतात. मराठी अभंगाचा सगळ्यांत ओळखीचा आवाज एका कन्नड घरातून आला, हे त्यांना कळलंच पाहिजे. हसणाऱ्या मुलांनाही कळलं पाहिजे.

वर्गात असं करून बघा

१. नामदेवांचा 'तीर्थ विठ्ठल' हा अभंग मोबाईलवर लावा. पहिल्यांदा फक्त ऐकू द्या, पुस्तक बंद.
२. दुसऱ्यांदा ऐकताना 'विठ्ठल' किती वेळा आला ते मोजायला सांगा.
३. ऐकू आलेले शब्द वहीत लिहू द्या. 'तीर्थ', 'क्षेत्र' या जोडाक्षरांचा सराव आपोआप होतो.
४. मग छापील अभंग द्या आणि ज्याची त्याची चूक ज्याला त्याला शोधू द्या.
५. शेवटी टाळ्यांच्या ठेक्यावर सगळ्यांनी मिळून म्हणा. एकट्याला उभं करू नका. घोळक्यात गप्प मुलाचंही तोंड उघडतं.

एक काळजी मात्र घ्या. वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात. भक्ती ज्याच्या त्याच्या घरची. शाळेत आपण कविता ऐकतो आहोत. कुणाला हात जोडायला लावू नये.

पालकहो, घरी अभंग लागला तर पाच मिनिटं हातातलं काम ठेवून मुलाबरोबर बसा. एखाद्या शब्दाचा अर्थ त्याला विचारा, नाही आला तर आजीला विचारा. भोंग्यावरचं रोज कानावर पडतंच. शब्द कळायला मात्र असं कुणीतरी जवळ बसावं लागतं.